पाण्यातले कीटकनाशकांचे अंश चुंबकीय नॅनोकणांनी कसे काढायचे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष, आणि गाइडनी सांगितलंय, 'विहिरीच्या पाण्यातले पेस्टिसाइड मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल वापरून काढ.' शोधनिबंध उघडले की प्रत्येकात वेगळे कण, वेगळा लेप आणि ९५ टक्क्यांच्या वरची रिकव्हरी, म्हणजे पाण्यातल्या अंशापैकी परत हाती आलेला भाग. सुरुवात कुठून करायची ते मात्र कोणीच सांगत नाही. मी या वाटेने गेलो आहे, म्हणून ज्या क्रमाने काम करावं असं मला वाटतं त्या क्रमाने लिहितो.

आधी एक खुलासा. हे तंत्र पाणी *तपासण्यासाठी* आहे. अर्धा-एक लिटरपेक्षा कमी पाण्यातले अत्यल्प अंश गोळा करून अर्ध्या मिलिलिटर द्रावकात आणायचे, म्हणजे यंत्राला ते दिसतात. गावाच्या टाकीतलं पाणी *शुद्ध* करणं हा वेगळा विषय आहे. तिथे एक ग्रॅम कण किती मिलिग्रॅम विष धरतात, शोषणाच्या समीकरणांपैकी लँगम्युअर बसतो की फ्रॉइंडलिश, हे प्रश्न येतात, आणि विष धरून बसलेल्या कणांचं पुढे काय करायचं हाही. पुष्कळ प्रबंधांत या दोन गोष्टींची खिचडी झालेली असते आणि व्हायव्हात तिथेच पकडलं जातं. तुमचं काम कोणतं, ते शीर्षकातच ठरवा.

१. कीटकनाशक आधी, कण नंतर

बहुतेक जण उलटं करतात. आधी हौसेने कण बनवतात, मग त्यांना काय चिकटतं ते बघत बसतात. चुंबक म्हणजे गळाची काठी. मासा लागतो तो आमिषाला, आणि इथे आमिष म्हणजे कणांवरचा लेप. मॅग्नेटाइट, म्हणजे कणांच्या गाभ्यातलं लोहाचं चुंबकीय ऑक्साइड, स्वतः सेंद्रिय रेणू फारसं धरत नाही. त्याचं काम एवढंच की बाजूला चुंबक लावला की सगळे कण एका कोपऱ्यात जमावेत आणि गाळणी, कार्ट्रिज, सेंट्रिफ्यूज यांची गरज पडू नये. १९९९ साली शाफारिकोवा आणि शाफारिक या संशोधकांनी या पद्धतीला चुंबकीय घन-प्रावस्था निष्कर्षण असं नाव दिलं. त्यानंतर जे काही नवं झालं, ते बहुतांशी लेपात झालं.

म्हणून पहिल्यांदा त्या भागात काय फवारतात ते शोधा. शेतकऱ्याला 'कोणतं कीटकनाशक?' असं विचारू नका, 'औषध कोणतं मारलं?' असं विचारा. उत्तरात कंपनीचं नाव येईल. मग बांधावर पडलेली रिकामी बाटली किंवा पुडी उचलून लेबलवरचा सक्रिय घटक वाचा. त्या घटकाचा लॉग पी, म्हणजे तो पाण्यापेक्षा तेलकट द्रावकात किती जास्त रमतो याचा आकडा, काढा आणि लेप त्यावरून ठरवा.

क्लोरपायरीफॉस (लॉग पी ५ च्या आसपास), सायपरमेथ्रिन, एंडोसल्फान ही तेलकट मंडळी. सी-१८ (अठरा कार्बनची तेलकट साखळी) किंवा साधा ओलिक ॲसिडचा लेपसुद्धा त्यांना धरतो. ॲट्राझिन, कार्बेन्डाझिम यांच्यात सपाट वलयं आहेत, त्यांना कार्बन आवडतो: ग्राफीन, नॅनोट्यूब किंवा चांगला कोळसा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात (इमिडाक्लोप्रिड लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम), तिथे नुसत्या सी-१८ ने पदरी निराशा येते. ग्राफीनवर किंवा पाणी आणि तेल दोन्ही आवडणाऱ्या पॉलिमरवर जा. २,४-डी हे आम्ल आहे. साध्या पाण्यात त्यावर ऋण भार असतो, म्हणून अमाइनचा लेप हवा.

आणि मोनोक्रोटोफॉस? त्याचा लॉग पी शून्याखाली आहे. तो पाणी सोडायला तयारच नसतो. पहिल्या प्रोजेक्टला तो घेऊ नका. एलसी-एमएस/एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर) हाताशी असेल तर पाणी गाळून थेट यंत्रात टोचणं सोपं. तीच गोष्ट क्लोरमेक्वाटची. २०१० मध्ये युरोपने भारतीय द्राक्षं अडवली ती याच्यामुळे, त्यामुळे नाशिककडच्या मुलांना तो घ्यावासा वाटतो. पण तो कायम धनभारित आयन आहे, सी-१८ त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. त्याला कॅटायन-एक्स्चेंज, म्हणजे धनभारित आयन धरणारा, लेप लागतो.

२. जमवाजमव

रसायनं: फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट किंवा मोर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट), २५ टक्के अमोनिया, टीईओएस (टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिकाच्या कवचासाठी), लेपासाठीचा सायलेन किंवा कार्बन, एचपीएलसी ग्रेड ॲसिटोनायट्राइल, मेथेनॉल, इथिल ॲसिटेट, निर्जल सोडियम सल्फेट.

उपकरणं: वरून फिरणारा स्टरर, सोनिकेटर, ऑर्बिटल शेकर, नायट्रोजन सिलिंडर, ०.२२ मायक्रॉनचे पीटीएफई सिरिंज फिल्टर, अंबर काचेच्या बाटल्या, आणि निओडिमियमचा मोठा, चपटा चुंबक. चुंबक ऑनलाइन सहज मिळतो, पण त्याला खेळणं समजू नका. दोन मोठे चुंबक एकमेकांवर आदळले की मध्ये सापडलेलं बोट फुटतं. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका. तराजूपासून लांब ठेवा, आणि ८० अंशांच्या पुढे तापवू नका, साध्या ग्रेडची चुंबकशक्ती कमी होते.

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं शुद्ध कीटकनाशक: प्रमाणपत्र असलेलंच घ्या. महाग पडतं म्हणून कृषी सेवा केंद्रातून २० ईसीची (पाण्यात कालवून फवारायच्या औषधाची) बाटली आणून तीच स्टँडर्ड म्हणून वापरणारे मी पाहिले आहेत. त्यात सक्रिय घटक २० टक्के, उरलेलं द्रावक आणि इमल्सिफायर. तो इमल्सिफायर कणांच्या पृष्ठभागावर आधी जाऊन बसतो आणि तुमचे सगळे आकडे बिघडवतो.

कागदपत्रं: स्टँडर्डचं प्रमाणपत्र, प्रत्येक रसायनाची सुरक्षा-पत्रिका, नमुन्यांची नोंदवही, आणि विहीरमालकाची लेखी परवानगी. ही शेवटची गोष्ट कॉलेजात कोणी मागत नाही, तरी घ्या. 'माझ्या विहिरीत विष निघालं' अशी बातमी झाली तर त्या माणसाला दूध, भाजी विकणं अवघड होतं. प्रबंधात नमुन्याला क्रमांक द्या. नाव आणि गट नंबर नोंदवहीतच राहू द्या.

३. कण बनवणं

सहअवक्षेपण, म्हणजे दोन लोहक्षार एकत्र विरघळवून अमोनियाने कण पाडणं, हीच सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची पद्धत. मासार यांनी ती १९८१ मध्ये मांडली आणि आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीच चालते. फेरिक आणि फेरस यांचं मोल प्रमाण २ : १. मोजमाप असं:

१०० मिलि डिस्टिल्ड पाणी उकळून, नायट्रोजन सोडत गार करा. त्यात ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि २ ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट विरघळवा. ८० अंशांवर आणा, नायट्रोजन चालूच ठेवा. जोरात ढवळत सुमारे २० मिलि अमोनिया घाला. पिवळट-नारिंगी द्रावण बघता बघता काळं कुळकुळीत होतं. पीएच १० च्या वर आहे ना ते बघा, अर्धा ते एक तास ढवळत ठेवा, गार करा, चुंबकाने खाली बसवून वरचं पाणी ओतून टाका. धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत हे करत राहा, शेवटी इथेनॉलने धुवा. सगळं नीट झालं तर दोन ग्रॅमच्या थोडं वर माल मिळतो; गणिताने २.३ ग्रॅम येतो.

इथे चार ठिकाणी घोळ होतो.

ढवळायला मॅग्नेटिक स्टरर वापरू नका. वाचताना हसू येईल, पण प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी ढवळायचा चुंबकी बार टाकतोच आणि सगळे कण त्या बारला केसाळ सुरवंटासारखे चिकटून बसतात. कण काढायला स्टीलचा स्पॅच्युलाही नको, प्लास्टिकचा घ्या.

फेरस क्लोराइडची बाटली जुनी असेल तर ते अर्धंमुर्धं फेरिक झालेलं असतं. फिकट हिरवं असायला हवं. पिवळट-तपकिरी दिसलं तर बाजूला ठेवा आणि मोर सॉल्ट घ्या, ३.९ ग्रॅम. तो हवेत जास्त टिकतो.

काळ्याऐवजी तपकिरी किंवा लालसर रंग आला तर ऑक्सिडेशन झालंय. थोडी तपकिरी छटा आली तरी चालतं: मॅग्नेटाइटच्या ऑक्सिडेशनने होणारा मॅगहेमाइटसुद्धा चुंबकीय असतो. विटकरी झालं तर फेकून द्या.

आणि कण ओव्हनमध्ये खडखडीत वाळवू नका. वाळले की गठ्ठे होतात, मग सोनिकेटर कितीही चालवा, पूर्वीसारखे सुटत नाहीत. लेप द्यायचा असेल तर इथेनॉलमध्येच ठेवा आणि थोडासा भाग वाळवून वजनावरून सांद्रता काढा.

४. लेप

आधी सिलिकाचं कवच द्या. कारण सरळ आहे: उघडं मॅग्नेटाइट ३ च्या खालच्या पीएचला विरघळायला लागतं, आणि हवेतही हळूहळू बदलतं. एक ग्रॅम कण ८० मिलि इथेनॉल आणि २० मिलि पाण्यात सोनिकेट करा, १-२ मिलि अमोनिया घाला, मग १ मिलि टीईओएस थेंबथेंब. खोलीच्या तापमानाला निदान सहा तास ढवळा. टीईओएस एकदम ओतलं तर कणांवर बसायच्या ऐवजी सिलिकाचे स्वतंत्र गोळे होतात, पाणी दुधाळ दिसतं आणि ते गोळे चुंबकाकडे येत नाहीत.

त्यावर सी-१८ चा सायलेन (सिलिकाला जोडला जाणारा सिलिकॉनचा रेणू) कोरड्या टोल्युइनमध्ये रिफ्लक्स करून, म्हणजे वाफ परत थंड करून आत सोडत उकळून, बसवतात. इथे 'कोरड्या' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. पाण्याचा अंश असला की सायलेन आपापसातच जोडले जातात.

रिफ्लक्सची सोय नसेल तर कार्बनचा मार्ग घ्या. अॅक्टिव्हेटेड चारकोलची बारीक पूड लोहक्षारांच्या द्रावणातच ढवळत ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणे अमोनिया घाला. कण कोळशावरच तयार होतात. नंतर वरचं पाणी नितळ होईपर्यंत धुवा, कारण ज्या कोळशावर लोह बसलं नाही तो चुंबकाकडे येणार नाही, तरंगत राहील आणि तुमचं कीटकनाशक घेऊन सिंकमध्ये जाईल. एक गैरसोय: कोळसा सपाट रेणूंना इतका घट्ट धरतो की ॲसिटोनायट्राइलने सुटत नाहीत. इथिल ॲसिटेट किंवा थोडं टोल्युइन लागतं.

कणांच्या तपासणीसाठी एफटीआयआर (रासायनिक बंध), एक्सआरडी (स्फटिकरचना), व्हीएसएम (चुंबकशक्ती) आणि टीईएम (आकार) एवढं पुरे. एफटीआयआरमध्ये लोह-ऑक्सिजनचा पट्टा ५८० सेमी⁻¹ च्या आसपास, सिलिकाचा १०९० च्या आसपास. एक्सआरडीमध्ये ३५.५ अंशांवर सगळ्यात उंच शिखर. फक्त एक्सआरडीवरून 'हे मॅग्नेटाइटच आहे, मॅगहेमाइट नाही' असं छातीठोकपणे लिहू नका. दोघांचे पॅटर्न जवळपास सारखे असतात. कॉलेजात सोय नसेल तर आयआयटी मुंबईचं सैफ (बाहेरच्यांसाठीचं उपकरण-केंद्र), कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं सैफ किंवा उपकरणं शोधून देणाऱ्या आय-स्टेम पोर्टलवरून नमुने पाठवता येतात. रांग असते, त्यामुळे कण तयार झाले की त्याच आठवड्यात नोंदणी करा.

५. पाणी आणणं

अंबर काचेची बाटली, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण. प्लास्टिकची नको: तेलकट कीटकनाशकं तिच्या भिंतीला चिकटतात आणि प्लास्टिकमधले थॅलेट जीसी-एमएसवर (वायू क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) भलीमोठी शिखरं देतात. बाटली आधी द्रावकाने धुवून वाळवलेली हवी, पण विहिरीवर गेल्यावर तिथल्याच पाण्याने विसळू नका. आपण बाकी बहुतेक तपासण्यांना विसळतो, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. इथे त्या विसळण्यात अंश भिंतीला लागून राहतो आणि आकडा फुगतो.

बोअर असेल तर मोटर पाच-दहा मिनिटं चालू देऊन मग भरा. नळाचं, क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर सोडियम थायोसल्फेट घाला, नाहीतर क्लोरीन वाटेतच क्लोरपायरीफॉसचं ऑक्सॉन (त्याचं ऑक्सिडेशन झालेलं रूप) करून टाकतं. बर्फाच्या पेटीत आणा, ४ अंशांवर ठेवा, शक्यतो ७ दिवसांच्या आत निष्कर्षण उरका. नोंदवहीत पीक, शेवटच्या फवारणीची तारीख आणि त्यानंतर पाऊस झाला का, हे लिहाच. निकाल आल्यावर त्याचा अर्थ यावरूनच लागतो.

पावसाळ्यातलं पाणी गढूळ असतं. ग्लास फायबर फिल्टरमधून गाळा, पण गाळाला चिकटलेला अंश त्यात जातो हे लक्षात ठेवून 'विरघळलेला अंश' मोजला असं स्पष्ट लिहा.

६. निष्कर्षण

१. ३० ते ५० मिग्रॅ कण घ्या. २ मिलि मेथेनॉल, मग पाणी, असे धुवून ओले करून घ्या. कोरडे सी-१८ कण पाण्यावर तवंगासारखे तरंगतात.

२. १०० मिलि नमुना, पीएच ६ ते ७. कण टाकून शेकरवर १० ते १५ मिनिटं.

३. चुंबक बाहेरून, बाजूला लावा. पाणी नितळ होईपर्यंत थांबा, मग चुंबक धरूनच पाणी ओतून टाका. चुंबक कधीही पाण्यात बुडवू नका. निओडिमियमला लागलेले कण पुन्हा सुटणं जवळजवळ अशक्य. गोल फ्लास्कपेक्षा चपट्या भिंतीच्या बाटलीत कण लवकर जमतात.

४. उरलेले पाण्याचे थेंब पिपेटने काढा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक टाळतात आणि मग नायट्रोजनखाली तासभर पाणी उडवत बसतात.

५. १ मिलि ॲसिटोनायट्राइल किंवा इथिल ॲसिटेट, दोन मिनिटं सोनिकेट, चुंबक, द्रावक बाजूला. हेच पुन्हा एकदा. दोन्ही एकत्र करा. जीसीवर जायचं असेल तर सोडियम सल्फेटवरून घ्या.

६. ४० अंशांखाली नायट्रोजनच्या हलक्या झोताने उडवा, अगदी कोरडं होऊ देऊ नका. ०.५ मिलि करा, फिल्टर करा, टोचा. फिल्टर टाळलात तर उरलेले कण एलसीचा कॉलम बंद करतात, आणि मग लॅबमध्ये तुमच्याशी कोणी बोलत नाही.

पीएच ६-७ च का? फार खाली गेलात तर लोह विरघळतं. ८-९ च्या वर ऑर्गॅनोफॉस्फेट फुटायला लागतात आणि सिलिकाही सैल होतं. दख्खनच्या विहिरींचं पाणी बरेचदा आठच्या आसपास असतं, तेव्हा मोजून घ्या. मीठ घातल्याने ध्रुवीय रेणूंची रिकव्हरी कधी वाढते, पण तेलकट रेणूंना त्याचा फायदा नसतो, उलट द्रावण घट्ट होऊन वेग कमी होतो. ठरवण्याआधी करून बघा.

७. आकडे खरे आहेत का?

निबंधांतली ९५ टक्के रिकव्हरी बहुतेक वेळा मिली-क्यू, म्हणजे प्रयोगशाळेतल्या अतिशुद्ध, पाण्यातली असते. तुमच्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, ह्युमिक आम्ल, नायट्रेट असं बरंच काही असतं, आणि ह्युमिक आम्ल लेपावरची जागा अडवतं. म्हणून स्पाइक, म्हणजे ठरलेलं कीटकनाशक मुद्दाम घालणं, खऱ्या पाण्यातच करा. स्पाइक करताना मेथेनॉल नमुन्याच्या अर्ध्या टक्क्याखाली ठेवा. जास्त झालं तर तेच कीटकनाशकाला पाण्यात धरून ठेवतं.

तीन प्रकारचे नमुने प्रत्येक दिवशी हवेत: नुसतं शुद्ध पाणी (ब्लँक), निष्कर्षणाआधी स्पाइक केलेलं पाणी, आणि निष्कर्षण झाल्यावर अर्कात स्पाइक केलेलं. दुसऱ्याला तिसऱ्याने भागलं की रिकव्हरी. तिसऱ्याची साध्या द्रावकातल्या स्टँडर्डशी तुलना केली की मॅट्रिक्सचा, म्हणजे अर्कातल्या बाकीच्या घटकांचा, परिणाम कळतो. हे दोन वेगळे न काढल्याने 'रिकव्हरी १३० टक्के' असले निकाल येतात. ट्रायफिनाइल फॉस्फेट किंवा, परवडलं तर, ड्युटेरियम लावलेलं क्लोरपायरीफॉस अंतर्गत स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात सारख्याच प्रमाणात घालायचा तुलनेचा पदार्थ) म्हणून घाला. रिकव्हरी ७० ते १२० टक्क्यांत आणि आरएसडी (पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकड्यांत पडणारा फरक) २० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चालते.

कण पुन्हा वापरता येतात, पण प्रत्येक वापरानंतर ब्लँक चालवा. मागच्या नमुन्याचं क्लोरपायरीफॉस पुढच्या विहिरीच्या नावावर लागलं तर सगळं ओमफस्.

एक हिशोब हाताने करून बघा. लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम असेल तर १०० मिलिमध्ये १० नॅनोग्रॅम. ते सगळं ०.५ मिलिमध्ये आलं तर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, म्हणजे २०० पट. रिकव्हरी ८५ टक्के असेल तर १७० पट. तुमचं यंत्र १७ नॅनोग्रॅम प्रति मिलि निवांत दाखवत नसेल तर कण बदलून उपयोग नाही. नमुना जास्त घ्या किंवा यंत्र बदला.

८. वापरलेला माल आणि अहवाल

वापरलेले कण, धुण्याचं द्रावक आणि स्पाइक केलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत, लेबल लावून, घातक कचऱ्यात द्या. कोरडे कण हाताळताना एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. ऑर्गॅनोफॉस्फेट कातडीतूनही जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना झालेल्या विषबाधेनंतर हे वेगळं सांगायची गरज नसावी.

निकालाची तुलना कशाशी केली ते लिहा, कारण फरक प्रचंड आहे. युरोपमध्ये पिण्याच्या पाण्यात बहुतेक कीटकनाशकांना प्रत्येकी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळ्यांना मिळून ०.५ ही मर्यादा. आपल्या आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात प्रत्येकाचा वेगळा आकडा, लिटरला मायक्रोग्रॅममध्ये: क्लोरपायरीफॉस ३०, ॲट्राझिन २, मोनोक्रोटोफॉस १, मिथाइल पॅराथिऑन ०.३, मॅलाथिऑन १९०. तेच पाणी एका मापाने पास आणि दुसऱ्याने साफ नापास होऊ शकतं, म्हणून दोन्ही स्तंभ शेजारीशेजारी द्या.

आणि जिथे शिखर दिसलं नाही तिथे 'शून्य' किंवा 'नाही' लिहू नका. तुमच्या पद्धतीची मोजण्याची किमान मर्यादा, समजा ०.०५ मायक्रोग्रॅम, असेल तर '०.०५ पेक्षा कमी' असं लिहा, आणि ती मर्यादा विहिरीच्या पाण्यात काढली की मिली-क्यूमध्ये, हेही तळटीपेत द्या.